दोन वचनं जुळत नाहीत तेव्हा: बायबलमधल्या विसंगती तपासण्याची रीत

आमच्या बायबल अभ्यास गटात एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. कोणाच्या तरी मोबाईलवर ‘बायबलमधल्या विसंगती’ अशी लांबलचक यादी येते. तो माणूस अस्वस्थ होऊन ती गटात वाचून दाखवतो आणि पाच मिनिटांत खोलीत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘शंका काढू नका, विश्वास ठेवा.’ दुसरा त्या क्षणी जे सुचेल ते उत्तर ठोकून देतो. ते दोन उतारे उघडून वाचलेले मात्र दोघांनीही नसतात. यादी करणाऱ्यानेही बहुतेक वेळा वाचलेले नसतात.

मी स्वतः हीच चूक केली आहे. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या मरणाबद्दल विचारलं. येशूची चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं, लिहिणाऱ्या चौघांपैकी (मत्तय, मार्क, लूक, योहान) मत्तय सांगतो की त्याने गळफास घेतला, आणि प्रेषितांच्या कृत्यांत तो पालथा पडून त्याचं पोट फुटलं असं येतं. मी लगेच म्हणालो, ‘अरे, दोर तुटला आणि तो खाली पडला.’ तो शांतपणे म्हणाला, ‘दादा, दोर तुटला हे कुठे लिहिलंय?’ मी पानं उलटत राहिलो. ते कुठेच लिहिलेलं नाही. त्या दिवसापासून त्या मुलाने मला काही विचारणं सोडलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून ही रीत लिहून ठेवतो आहे. यात टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. उलगडा शोधणं हे पाचव्या टप्प्याचं काम आहे, आणि ते पहिल्या टप्प्यात केलं की सगळं बिघडतं.

तयारी: बसण्याआधी काय हवं

एक वही, किमान दोन मराठी भाषांतरं आणि मोकळा एक तास. एक भाषांतर बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ असू द्या. दुसरं पंडिता रमाबाईंचं किंवा आजच्या सोप्या मराठीतलं चालेल. हिंदी किंवा इंग्रजी वाचता येत असेल, तर तळटिपा असलेली एक प्रत जवळ ठेवा. तळटिपांमध्येच ‘काही जुन्या प्रतींत असा पाठ आहे’ ही माहिती असते, आणि निम्मी कोडी तिथेच सुटतात किंवा निदान समजतात.

छापील प्रत घ्याच. मोबाईलच्या पडद्यावर एका वेळी पाचसहा वचनं दिसतात आणि मागचं-पुढचं वाचायची सवय मोडते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे. नव्या करारातल्या वचनांना आज आहेत ते क्रमांक १५५१ मध्ये छापलेल्या प्रतीतून आले. मूळ लेखकांनी हे आकडे घातलेले नाहीत, त्यामुळे वचन संपलं म्हणून विचार संपला असं धरू नका.

सावधान: यादीतला संदर्भ आधी स्वतः उघडून पाहा. स्तोत्र १४:१ मध्ये ‘देव नाही’ हे शब्द खरोखर आहेत, पण पूर्ण वाक्य ‘मूढ आपल्या मनात म्हणतो, देव नाही’ अशा अर्थाचं आहे. ईयोबाच्या पुस्तकात त्याच्या मित्रांची भाषणं पानंच्या पानं चालतात, आणि शेवटी ४२:७ मध्ये परमेश्वरच म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. अशा भाषणातलं वाक्य उचलून ते दुसऱ्या वचनासमोर उभं केलं, तर ती विसंगती उचलणाऱ्याने तयार केलेली असते. वाक्य कोण बोलतं आहे, हे वहीत पहिल्या ओळीत लिहा.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘पुनरुत्थानाच्या वृत्तांतांत घोळ आहे’ हा प्रश्न नाही, ती तक्रार आहे. प्रश्न असा हवा: ‘कबरेपाशी मार्क १६:५ मध्ये एक तरुण दिसतो आणि लूक २४:४ मध्ये दोन पुरुष. किती जण होते?’ प्रश्न इतका नेमका झाला की तपासता येतो.

दोन विधानं खरोखर एकमेकांना खोटं पाडतात केव्हा? एकच गोष्ट, एकाच वेळी, एकाच अर्थाने एकजण ‘आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘नाही’ म्हणतो तेव्हा. यरीहोजवळ मत्तय (२०:३०) दोन आंधळ्यांबद्दल सांगतो, मार्क (१०:४६) एकट्या बार्तीमयाबद्दल. मार्कने ‘एकच होता, दुसरा नव्हता’ असं लिहिलेलं नाही. ‘काल बाजारात शिंदेकाका भेटले’ असं मी घरी सांगितलं म्हणून शिंदेकाकू त्यांच्यासोबत नव्हत्या, असं कोणी ठरवत नाही.

पण इथे थांबू नका. त्याच प्रसंगात दुसरा फरकही आहे. मत्तय आणि मार्क म्हणतात की येशू यरीहोतून बाहेर पडताना हे घडलं, आणि लूक (१८:३५) म्हणतो की यरीहोजवळ येताना. ही ‘उल्लेख केला नाही’ अशी बाब नाही. एका जोडीत दोन-तीन वेगळे प्रश्न असले, तर प्रत्येकाला वेगळी ओळ द्या. सोप्याचं उत्तर मिळालं की अवघडही सुटल्यासारखा वाटतो, ही या टप्प्यावरची सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे.

टप्पा २: दोन्ही उतारे वेगवेगळे ऐका

वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे पहिला उतारा, उजवीकडे दुसरा. प्रत्येक उताऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचा, मग फक्त त्या उताऱ्यात जे आहे तेवढंच लिहा. दुसऱ्या उताऱ्यातला एकही शब्द इकडे येऊ देऊ नका.

यहूदाचं माझं पान असं आहे. डावीकडे मत्तय २७:३-१०: यहूदाला पस्तावा होतो. तो चांदीची तीस नाणी मंदिरात टाकून देतो आणि जाऊन गळफास घेतो. मुख्य याजक म्हणतात की हे रक्ताचं मोल आहे, मंदिराच्या भांडारात टाकता येत नाही. त्या पैशांनी ते परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचं शेत विकत घेतात. म्हणून त्याला ‘रक्ताचे शेत’ म्हणतात.

उजवीकडे प्रेषितांची कृत्ये १:१८-१९: यहूदा आपल्या दुष्कृत्याच्या मोबदल्यातून शेत मिळवतो. पालथा पडतो, मध्येच फुटतो, आतडी बाहेर येतात. यरुशलेमच्या सगळ्या रहिवाशांना हे कळतं, म्हणून त्या शेताला त्यांच्या भाषेत ‘रक्ताचे शेत’ म्हणतात.

असं लिहिल्यावर दिसतं की प्रश्न एक नसून तीन आहेत. मरण कसं आलं? शेत कोणी घेतलं? नाव कशावरून पडलं? माझ्या ‘दोर तुटला’ने फक्त पहिल्याला हात घातला होता, तोही कल्पनेने. आणखी एक गोष्ट तेव्हाच दिसली. कृत्यांतल्या त्या उताऱ्यात येशूचा शिष्य पेत्र याचं भाषण चालू आहे, आणि मध्येच ‘त्यांच्या भाषेत’ असे शब्द येतात. यरुशलेममध्ये आपल्याच लोकांसमोर बोलणारा पेत्र ‘त्यांच्या’ कशाला म्हणेल? म्हणजे ही दोन वचनं बहुधा या पुस्तकाचाही लेखक असलेल्या लूकने वाचकांसाठी मध्ये घातलेली माहिती आहे.

पडताळणी: पान लिहून झाल्यावर ते दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. दोन्ही बाजूंपैकी कोणती तुम्हाला खरी वाटते, हे त्याला तुमच्या लिहिण्यावरून ओळखता आलं, तर पान पुन्हा लिहा.

टप्पा ३: फरकाची जात ओळखा

सगळ्या विसंगतींना एकच औषध लागू पडत नाही. मला कामाचे वाटलेले पाच प्रकार असे: आकडे आणि नावं, एकाच घटनेचे वेगवेगळे वृत्तांत, एका शब्दाचे दोन अर्थ, शिकवणीतला फरक, आणि लेखकानेच मुद्दाम शेजारी-शेजारी ठेवलेली वाक्यं. जोडी कोणत्या प्रकारात मोडते ते समासात लिहा. दोन प्रकारांत बसत असेल तर दोन्ही लिहा.

टप्पा ४: ज्या जातीचा फरक, त्या जातीची तपासणी

*आकडे आणि नावं.* अहज्या राजा झाला तेव्हा किती वर्षांचा होता? २ राजे ८:२६ म्हणतं २२. २ इतिहास २२:२ च्या हिब्रू पाठात ४२ आहे. आता घाई न करता इतिहासाच्या पुस्तकातलीच आधीची पानं वाचा. २ इतिहास २१:२० प्रमाणे अहज्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी गादीवर आला आणि त्याने आठ वर्षं राज्य केलं. म्हणजे तो चाळिशीत वारला आणि लगेच मुलगा गादीवर आला. मुलगा ४२ वर्षांचा धरला तर तो बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा होतो! शिवाय तो सगळ्यांत धाकटा मुलगा, असं २२:१ सांगतं.

इथे उत्तर इतिहासाच्या पुस्तकानेच दिलं. ४२ हा आकडा त्या लेखकाच्या स्वतःच्या हिशोबात बसत नाही, म्हणून नक्कल करताना चूक शिरली असं म्हणायला भक्कम आधार आहे. काही जुन्या ग्रीक आणि सिरियाक प्रतींत इथे २२ मिळतो, आणि कित्येक आधुनिक भाषांतरं तोच घेऊन तळटीप देतात. तुमच्या मराठी प्रतीत कोणता आकडा आहे ते बघा आणि वहीत लिहा.

सावधान: ‘हिब्रूत अक्षरं आकड्यांसाठी वापरत, दोन अक्षरं सारखी दिसली आणि गफलत झाली’ हे स्पष्टीकरण छातीठोकपणे सांगू नका. आपल्या हाती असलेल्या हिब्रू बायबलच्या हस्तलिखितांत हे आकडे शब्दांत लिहिलेले आहेत. चूक झाली एवढं दिसतं, नेमकी कशी झाली ते दिसत नाही.

आणि प्रत्येक आकडा नक्कलनवीसाच्या माथी मारू नका. दावीदाने खळं विकत घेतलं तेव्हा २ शमुवेल २४:२४ मध्ये चांदीचे ५० शेकेल आहेत, १ इतिहास २१:२५ मध्ये सोन्याचे ६००. इथे धातूही वेगळा आहे, एखाद्या अक्षराचा दोष म्हणता येणार नाही. शमुवेलात किंमत खळं आणि बैलांची आहे, इतिहासात ‘त्या जागेची’. आधी खळं घेतलं, मग भोवतालची सगळी जागा, असं काही जण मांडतात. हे शक्य आहे. सिद्ध झालेलं नाही.

*एकाच घटनेचे वृत्तांत.* इथे दोन गोष्टी तपासा. पहिली, कर्ता कोण? मत्तय ८:५ मध्ये शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा नायक, स्वतः येशूकडे येतो, लूक ७:३ मध्ये तो यहूद्यांच्या वडिलांना पाठवतो. आपण ‘मी गावाकडे घर बांधलं’ म्हणतो तेव्हा एकही वीट आपण उचललेली नसते. योहान १९:१ मध्ये रोमी सुभेदार पिलाताने येशूला फटके मारले असं लिहिलं आहे, पण चाबूक त्याच्या हातात होता असं कोणी मानत नाही. मत्तय गोष्टी आखडून सांगतो, हे त्याच्या इतर प्रसंगांतही दिसतं, म्हणून हे स्पष्टीकरण इथे टिकतं.

दुसरी, क्रम. अंजिराचं झाड मत्तय २१:१९ मध्ये तात्काळ वाळतं, मार्क ११ मध्ये शिष्यांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेलं दिसतं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा मंडळीचा पुढारी पापियस सांगतो की मार्कने अचूक लिहिलं, पण क्रमाने नाही. म्हणजे शुभवर्तमानकार प्रसंगांची मांडणी विषयाप्रमाणे करू शकतात, ही जाणीव फार जुनी आहे. ‘नंतर’, ‘तेव्हा’ असे शब्द दिसले की ते घड्याळाचे आहेत की नुसते गोष्ट पुढे नेणारे आहेत, ते बघा.

*एका शब्दाचे दोन अर्थ.* दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर शौलासोबतच्या, म्हणजे पौलासोबतच्या, माणसांनी वाणी ऐकली की नाही? प्रेषितांची कृत्ये ९:७ म्हणतं ऐकली, २२:९ म्हणतं ऐकली नाही. लेखक एकच, पुस्तक एकच. मराठी माणसाला यात वाट लगेच दिसते, कारण आपलं ‘ऐकणं’ही दोन कामं करतं. ‘पोरगं माझं ऐकत नाही’ म्हणणाऱ्या आईचा आवाज पोराच्या कानावर पडलेला असतोच. ग्रीक क्रियापदालाही ऐकणं, समजणं, मानणं अशा छटा आहेत. त्यांना आवाज आला, बोलणं कळलं नाही, असा अर्थ लागू शकतो.

पण इथे बरेच अभ्यासू लोक एक पाऊल जास्त टाकतात. ते सांगतात की ग्रीक व्याकरणात एका विभक्तीने आवाज नुसता कानी पडणं आणि दुसरीने तो समजणं असा पक्का भेद आहे, आणि या दोन वचनांत विभक्ती वेगळ्या आहेत. विभक्ती वेगळ्या आहेत हे खरं. मात्र त्याच दोन अध्यायांत पौलाने स्वतः वाणी ऐकली तेव्हा ९:४ मध्ये एक विभक्ती आहे आणि २२:७ मध्ये दुसरी, आणि पौलाला ती दोन्हीकडे समजलेली आहे! म्हणजे लूक हा भेद पाळत नाही. संदर्भातून लागणारा अर्थ घ्या, व्याकरणाचा नियम म्हणून सांगू नका. ग्रीक येणारा एखादा श्रोता तिथेच तुम्हाला अडवेल आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही त्याचा भरवसा राहणार नाही.

*शिकवणीतला फरक.* इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. रोमकरांस पत्र ३:२८ मध्ये पौल म्हणतो की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोबाचे पत्र २:२४ म्हणतं की माणूस कृत्यांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. दोघेही अब्राहामाचं उदाहरण देतात, दोघेही उत्पत्ती १५:६ उद्धृत करतात. यादी करणारे हीच जोडी वर ठेवतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, कारण शब्द खरोखर समोरासमोर उभे आहेत.

वहीत तीन प्रश्न लिहा आणि दोघांना वेगवेगळे विचारा. ‘विश्वास’ म्हणजे काय? याकोब २:१९ मध्ये भुतेही एकच देव आहे असा विश्वास ठेवतात आणि थरथर कापतात. हा नुसती गोष्ट खरी मानणारा विश्वास आहे. पौलाचा विश्वास गलतीकरांस ५:६ मध्ये प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा आहे. ‘कृत्यं’ म्हणजे कोणती? पौल सुंतेबद्दल आणि नियमशास्त्राबद्दल वाद घालतो आहे. याकोबासमोर उघडा आणि उपाशी भाऊ उभा आहे (२:१५-१६), आणि कोणीतरी त्याला काहीही न देता ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ म्हणून वाटेला लावतो आहे. आणि अब्राहामाच्या आयुष्यातला कोणता क्षण? पौल सुंता होण्याआधीच्या क्षणावर थांबतो (रोम ४:१०). याकोब इसहाकाला वेदीवर ठेवण्याच्या प्रसंगाकडे, म्हणजे उत्पत्ती २२ कडे जातो.

एवढं झाल्यावर दोघे एकमेकांना खोटं पाडत नाहीत असं मला वाटतं. पण ‘दोघे अगदी तेच सांगतात’ असं म्हणून पुढे जाऊ नका. भर वेगळा आहे आणि तो राहू द्या. उपाशी माणसाला कोरडे शब्द देणाऱ्याला याकोबच ऐकवायला हवा. आपल्या सत्कर्मांचा हिशोब मांडत रात्रभर तळमळणाऱ्याला पौल ऐकवायला हवा. दोघांना एकाच गुळगुळीत वाक्यात कोंबलं, तर दोन्ही माणसं रिकाम्या हाताने परत जातात.

*मुद्दाम शेजारी ठेवलेली वाक्यं.* नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसं उत्तर देऊ नको, आणि लगेच २६:५ म्हणतं दे. संकलकाला हे दिसलं नाही असं म्हणणं अशक्य आहे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ आणि ‘दिसतं तसं नसतं’ या दोन्ही म्हणी एकाच आजीच्या तोंडी असतात आणि कोणती केव्हा वापरायची हे तिला ठाऊक असतं. १ शमुवेल १५ मध्येही असंच आहे. वचन ११ आणि ३५ मध्ये परमेश्वराला शौलाला राजा केल्याचा अनुताप होतो, तर मधल्या २९ मध्ये तो अनुताप करायला काही मनुष्य नाही असं म्हटलं आहे. तिन्ही ठिकाणी हिब्रू क्रियापद एकच. अशा ठिकाणी एक बाजू कापून टाकू नका, ताण लेखकानेच ठेवलेला आहे.

टप्पा ५: उलगड्याची परीक्षा घ्या

आता, आणि आताच, उत्तर शोधा. सापडलेल्या प्रत्येक उत्तराला हे प्रश्न विचारा.

उताऱ्यात न लिहिलेली एखादी घटना घुसवावी लागते का? दोर तुटणं ही तशी घटना आहे. ‘मी येशूला ओळखत नाही’ या पेत्राच्या नाकारण्याचे तपशील चारही शुभवर्तमानांत जुळवण्यासाठी त्याने तीनऐवजी सहा वेळा नाकारलं, असंही सुचवलं गेलं आहे. म्हणजे चार वृत्तांत वाचवायला निघालो आणि चौघांपैकी एकानेही न सांगितलेला पाचवा लिहिला.

ते सगळ्या उताऱ्यांना लागू पडतं का? येशूने बारा शिष्यांना पाठवलं तेव्हा काठी घ्यायची होती का? मार्क ६:८ म्हणतं काठी घ्या, मत्तय १०:१० आणि लूक ९:३ म्हणतात घेऊ नका. उत्तर दिलं जातं की मत्तयाचं क्रियापद ‘मिळवणं’ या अर्थाचं आहे, म्हणजे नवी काठी घेऊ नका, असलेली चालेल. मत्तयापुरतं हे छान बसतं. लूक मात्र मार्कचंच क्रियापद वापरतो आणि नाही म्हणतो. हे उत्तर दोन पायांवर उभं राहतं, तिसऱ्यावर पडतं.

मजकूर त्याला विरोध करतो का? येशूच्या वंशावळीत मत्तय १:१६ प्रमाणे योसेफाचा बाप याकोब, लूक ३:२३ प्रमाणे एली. ‘लूकची वंशावळ मरीयेची आहे’ हे उत्तर मंडळ्यांमध्ये सर्रास दिलं जातं. पण त्या यादीत मरीयेचं नाव नाही, योसेफाचं आहे. हे उत्तर द्यायचंच असेल तर ‘हा अंदाज आहे’ हे शब्द त्यासोबत द्या.

शेवटचा प्रश्न सगळ्यात कठीण आहे. दुसऱ्या धर्माच्या माणसाने त्याच्या ग्रंथाबद्दल मला असंच उत्तर दिलं असतं, तर मी ते मान्य केलं असतं का? मनाशी नाही म्हणालात, तर ते उत्तर स्वतःच्या ग्रंथासाठीही वापरू नका.

सावधान: ही परीक्षा दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. ‘लेखकाला माहीत नव्हतं’, ‘नंतर कोणीतरी घुसडलं’ ही उत्तरंही उत्तरंच आहेत. त्यांनाही हेच प्रश्न विचारा.

टप्पा ६: निकाल लिहा, तारखेसह

पानाच्या तळाशी तीनपैकी एक शब्द लिहा: ‘उलगडला’, ‘शक्य’ किंवा ‘उघडा’. अहज्याचं वय माझ्या वहीत ‘उलगडला’ आहे. खळ्याची किंमत ‘शक्य’. काठी ‘उघडा’.

वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या यहूदी सणाचा, दिवसही ‘उघडा’ आहे. मार्क १४:१२ पासून पुढे शेवटचं भोजन वल्हांडणाचं आहे. योहान १८:२८ मध्ये मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी यहूदी पुढाऱ्यांना वल्हांडण अजून खायचं आहे. येशूला वधस्तंभावर खिळलं तो दिवस शब्बाथाच्या (शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या) आदला, यावर चौघेही एकमत आहेत. तासाचाही प्रश्न त्याला चिकटलेला आहे. मार्क १५:२५ प्रमाणे तिसऱ्या ताशी वधस्तंभावर खिळलं, आणि योहान १९:१४ प्रमाणे सुमारे सहाव्या ताशी पिलातासमोर न्याय चालूच होता. ‘योहान रोमी पद्धतीने मध्यरात्रीपासून तास मोजतो’ हे उत्तर मीही पूर्वी देत असे. आता देत नाही, कारण रोमी लोकही दिवसाचे तास सूर्योदयापासूनच मोजत आणि त्यांच्या छायाघड्याळांवर मध्यान्ह सहाव्या तासाला येते.

यहूदाच्या पानावर तीन प्रश्न, तीन निकाल. मरण कसं आलं: शक्य. शेत कोणी घेतलं: शक्य, कारण पैसा यहूदाचा आणि याजकांनी तो आपल्या भांडारात घ्यायचं नाकारलं, तेव्हा खरेदी त्याच्या पैशाने झाली म्हणून त्याची म्हटली गेली असेल. नाव कशावरून पडलं: उघडा.

पडताळणी: वहीत एकही ‘उघडा’ नसेल, तर पाचवा टप्पा ढिलाईने झाला आहे. सगळीच पानं ‘उघडा’ असतील, तर दुसरा.

टप्पा ७: विचारणाऱ्याशी बोलताना

कोण विचारतो आहे ते आधी बघा. रविवार शाळेतलं मूल विचारत असेल, तर दोन्ही उतारे त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या आणि ‘तुला काय वेगळं दिसलं?’ असं विचारा. मुलं फरक मोठ्यांपेक्षा नेमके पकडतात. मंडळीतल्या वयस्कर बाईंनी घाबरून विचारलं, तर आधी त्यांना हे सांगा की हे प्रश्न नवे नाहीत. इसवी सन ४०० च्या सुमारास ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मगुरूने चार शुभवर्तमानांतल्या याच फरकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. वाद घालायलाच आलेल्याला मात्र पंचवीस मुद्द्यांची यादी एका बैठकीत निस्तरून देऊ नका. त्याला म्हणा, ‘यातली तुम्हाला सगळ्यात पक्की वाटणारी एक जोडी निवडा, आपण तेवढीच नीट पाहू.’ मग वही उघडा आणि पहिल्या टप्प्यापासून त्याच्यासोबत बसा.

‘मला माहीत नाही, पुढच्या बुधवारी सांगतो’ हे उत्तर देता येतं. फक्त पुढच्या बुधवारी ते द्यायला हवं.

सरावासाठी पहिल्या पाच जोड्या, याच क्रमाने

१. यहोयाखीनाचं वय: २ राजे २४:८ आणि २ इतिहास ३६:९. अहज्यासारखंच आहे, पण इथे पुस्तक स्वतः उत्तर देतं का, ते बघा.

२. दुष्काळाची वर्षं: २ शमुवेल २४:१३ आणि १ इतिहास २१:१२. तळटीप नक्की वाचा, ग्रीक भाषांतराचा पाठ तिथे मिळेल.

३. मोशे आणि परमेश्वराचं मुख: निर्गम ३३:११ आणि ३३:२०. एकच अध्याय आहे, म्हणून प्रकार ठरवताना काळजी घ्या.

४. शिरगणतीसाठी दावीदाला कोणी प्रवृत्त केलं: २ शमुवेल २४:१ आणि १ इतिहास २१:१. इतिहासातल्या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘सैतान’ही होतो आणि ‘एक विरोधी’ही. याला दोन तास ठेवा.

५. गल्याथाला कोणी मारलं: १ शमुवेल १७, २ शमुवेल २१:१९ आणि १ इतिहास २०:५. इथे उतारे तीन आहेत, म्हणून पान दुमडताना तीन रकाने करा.

वंशावळींना पहिल्या वर्षी हात लावू नका.